अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू काढायचाय? आधी त्याचं काम विचारा

टेक्सासात चित्रकलेवर पोट भरायचं तर फुटबॉल टाळता येत नाही. शाळेचं पत्रक असो, दुकानाची जाहिरात असो की कुणाच्या नातवाचं पोर्ट्रेट, फिरून फिरून हेल्मेट घातलेला माणूसच काढावा लागतो. पुण्यात कमर्शियल आर्ट शिकताना मी पॅड बांधलेले बॅट्समन ढिगाने काढले होते, पण ती सवय इथे निम्मीच कामाला येते. क्रिकेटचे पॅड पँटवरून बांधतात, इथलं बरंचसं चिलखत जर्सीच्या आत असतं. त्यामुळे पॅड काढायचे नसतात, पॅडवर ताणलेलं कापड काढायचं असतं. छातीवर सुरकुत्या जवळजवळ नाहीत. त्या सगळ्या काखेत आणि कमरेपाशी गोळा होतात.

नवीन मुलं हेल्मेटपासून सुरुवात करतात. माझं म्हणणं, आधी तो खेळाडू मैदानावर करतो काय ते विचारा. एका वेळी मैदानात संघाचे ११ जण, पण अंगकाठी प्रत्येकाची कामाप्रमाणे. एनएफएल या व्यावसायिक लीगमधला आक्रमक फळीचा लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेत राहून समोरच्यांना अडवणारा, १४० किलोच्या आसपास असतो, तर पळत जाऊन पास झेलणारा रिसीव्हर बहुधा ९० किलोच्या आगेमागे. नंबरही कामाप्रमाणे: या लाइनमनला ५० ते ७९ मधलाच. अगडबंब लाइनमनच्या छातीवर १२ लिहिलात तर इथला शाळकरी पोरगाही हसेल.

सरावाला लाइनमनच घ्या. एक हात जमिनीला टेकलेला, पाठ सपाट, कंबर खांद्यांच्या पातळीत किंवा थोडी वर, मान उचललेली. या पवित्र्यात सगळा खेळ टेकलेल्या हाताचा आहे. पुढे मुसंडी मारायची असेल तर बोटांवर भार येतो. पाससाठी मागे सरकायचं असेल तर हात नुसता टेकवलेला असतो. समोरचे खेळाडू त्यावरून डाव ओळखायला बघतात. तो भार तुमच्या रेघेत दिसला पाहिजे, नाहीतर माणूस पडलेलं नाणं शोधतोय असं वाटतं. आणखी एक सोय अशी, की फळीच्या आतल्या लाइनमनने हात टेकला की चेंडू हलेपर्यंत तो उचलता येत नाही, उचलला की दंड. रॅपिड स्केचिंगला याहून चांगलं फुकटचं मॉडेल कुठे मिळणार! शुक्रवारी रात्री हायस्कूलच्या सामन्याला स्केचबुक घेऊन बसा. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो, तिथे हे नीट बघायला मिळत नाही.

आता हेल्मेट. आधी डोकं आणि कान काढा, मग थोडी जागा सोडून बाहेरचं कवच. कवचाचं भोक कानावर आलं की फेसमास्क कुठे बसवायचा ते आपोआप कळतं. त्याच्या दांड्या चेहऱ्याला चिकटलेल्या नसतात, पुढे येऊन वळतात. मान जवळजवळ गायब होते, खांदे हनुवटीपर्यंत चढतात. माणसाची उंची साडेसात डोक्यांएवढी हे पाठ केलेलं प्रमाण हेल्मेटला लावू नका, आतल्या डोक्याला लावा.

अर्नी बार्न्सची चित्रं जरूर बघा. १९३८ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये जन्मलेला हा चित्रकार स्वतः व्यावसायिक लाइनमन होता. पुढे न्यूयॉर्क जेट्स या संघाचे मालक सॉनी वेर्ब्लिन यांनी त्याला पगार देऊन चित्रं काढायला बसवलं. त्याची माणसं लांबलचक, पिळवटलेली, बहुतेकांचे डोळे मिटलेले. हालचाल करताना अंगाला काय वाटतं तिकडे लक्ष दे, असं त्याला कॉलेजातल्या एड विल्सन या शिक्षकांनी सांगितलं होतं. मीही विद्यार्थ्यांना आधी जमिनीवर हात टेकून बसवते. गुडघे बोलायला लागले की रेघ सुधारते. कॉलेज फुटबॉलच्या हाइझमन ट्रॉफीवरची हात पुढे काढून पळणारी पोझ मात्र सोडा, ती काढून काढून पार चोथा झालाय.

चेंडू साधारण २८ सेंटिमीटर लांब असतो. नवखे तो नारळाएवढा जाडजूड काढतात. पास टाकणाऱ्याची बोटं बहुधा चेंडूच्या शिवणीवरच्या नाडीवर असतात, तेवढं सांभाळा.

कामं घ्यायला लागलात की संघांचे लोगो आणि जर्सीचे रंग जपून वापरा. सरावासाठी काहीही काढा. विकायच्या प्रिंटवर स्वतः रचलेली जर्सी बरी. शाळेचं काम असेल तर लोगोची फाइल त्यांच्याकडूनच मागून घ्या आणि खेळाडूचा नंबर व मैदानावरची जागा ॲडव्हान्स घेतानाच लिहून घ्या.