व्यवसायासाठी सॅटेलाइट इंटरनेट बसवताना या चुका टाळा

नवं सॅटेलाइट कनेक्शन रखडू लागलं की पहिला संशय उपग्रहावर किंवा कंपनीवर जातो. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा छपरावरची डिश आणि टेबलावरचा राउटर यांच्या मध्येच कुठेतरी असतो. म्हणून तक्रार नोंदवण्याआधी वाय-फाय बाजूला ठेवा, लॅपटॉप केबलने थेट सेवेच्या मोडेमला जोडा आणि वेग व पिंग (विनंतीचं उत्तर परत यायला लागणारा वेळ) तपासा. तिथे सगळं ठीक असेल तर बिघाड तुमच्या आतल्या नेटवर्कमध्ये आहे. तिथेही अडखळत असेल, तर छपराकडे वळा.

फक्त वेग पाहून प्लॅन घेणं

भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणारा, उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किमी उंचीवर असतो. विनंती वर जाऊन खाली येते, मग उत्तरही तसंच येतं. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा यात जवळपास अर्धा सेकंद जातो आणि व्यवहारात पिंग 600 मिलिसेकंदांच्या आसपास दिसतं. कुठलाही महागडा राउटर हा उशीर कमी करू शकत नाही. स्टारलिंकसारखे खालच्या कक्षेतले उपग्रह सुमारे 550 किमीवर फिरतात, त्यामुळे तिथे पिंग साधारण 25 ते 60 मिलिसेकंद असतं. ईमेल, बिलिंग, फाइल पाठवणं एवढंच काम असेल तर भूस्थिर सेवा चालते. दिवसभर व्हिडिओ कॉल किंवा दूरच्या संगणकावर काम असेल, तर ती घेऊ नका.

भूस्थिर सेवेवर व्हीपीएन (दूरच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडणारा कूटबद्ध मार्ग) वापरणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. उशीर झाकण्यासाठी ही मोडेम टीसीपीच्या (डेटा नीट पोचला का ते पाहणाऱ्या पद्धतीच्या) पोचपावत्या स्वतःच देऊन वाहतूक वेगवान ठेवतात. आयपीसेक प्रकारच्या व्हीपीएनमध्ये ती माहिती कूटबद्ध होते, मोडेमला काहीच दिसत नाही आणि वेग कोसळतो. व्हीपीएन बंद केल्यावर वेग लगेच वाढला, तर कारण हेच असण्याची दाट शक्यता आहे.

सोयीची जागा निवडणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. केबल कमी लागते म्हणून डिश भिंतीलगत किंवा झाडाशेजारी बसवली जाते. भूस्थिर सेवेला आकाशातला एकच बिंदू मोकळा लागतो, पण नेम अचूक हवा. खांब वाऱ्याने किंचित जरी फिरला तरी सिग्नल पडतो. खालच्या कक्षेतले उपग्रह मात्र सतत सरकत असतात, त्यामुळे डिशला आकाशाचा मोठा तुकडा मोकळा लागतो.

इथेच फसगत होते. एका फांदीमुळे जोडणी काही सेकंदच तुटते. स्पीड टेस्ट उत्तम येते, पानं उघडतात, व्हिडिओही चालतात, कारण ते आधीच थोडे पुढे उतरवलेले असतात. कॉल मात्र पुन्हा पुन्हा गोठतो आणि कार्ड मशीनचा व्यवहार मध्येच अडकतो. अशा वेळी स्पीड टेस्टवर विसंबू नका. पिंगची चाचणी तासभर चालू ठेवा आणि किती उत्तरं गळाली ते पाहा. सेवेच्या ॲपमधला अडथळ्यांचा नकाशा भरायला काही तास लागतात. तो पूर्ण होईपर्यंत डिश कायमची पक्की करू नका. झाड वाढणार, हेही आत्ताच धरून चाला.

छपरावर काम करताना लक्षात ठेवा की ही डिश सिग्नल पाठवतेही. चालू असताना तिच्यासमोर उभं राहू नका.

पावसाला सगळा दोष देणं

केयू आणि केए बँडचा (उपग्रह सेवा वापरतात त्या दोन लहरीपट्ट्यांचा) सिग्नल मुसळधार पावसात क्षीण होतो. त्यातही केए जास्त. सर थांबताच जोडणी परतली तर दोष पावसाचा. पाऊस थांबून कित्येक तास उलटले तरी सिग्नल कमीच, आणि कडक उन्हानंतर हळूहळू सुधारतो? मग कनेक्टरमध्ये पाणी शिरलं आहे. कनेक्टर बदला, त्यावर जलरोधक टेप लावा आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास भूस्थिर सेवा काही दिवस ठरावीक वेळी काही मिनिटं बंद पडली, तर सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो. तेव्हा काहीही खोलू नका.

कॅमेरे बाहेरून न दिसणं

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी विनंती आतल्या उपकरणाकडे वळवणं) करूनही कॅमेरा किंवा सर्व्हर बाहेरून दिसत नसेल, तर राउटरचा वॅन पत्ता, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, पाहा. तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर अनेक ग्राहक एकच सार्वजनिक पत्ता वाटून वापरत आहेत. तिथे पोर्ट उघडून उपयोग नाही. सार्वजनिक आयपी देणारा प्लॅन घ्या किंवा आतून बाहेर जाणारा व्हीपीएन बोगदा उभारा. स्वतःचा राउटर लावणार असाल तर सेवेच्या राउटरला बायपास मोडमध्ये टाका, म्हणजे तो फक्त जोडणी पुढे देईल.

वीज आणि पर्यायी लाइन

राउटरला यूपीएस असतो आणि डिशच विसरली जाते. अनेक डिश 75 ते 100 वॅट सतत घेतात, तेवढा भार धरूनच यूपीएस निवडा. खांब इमारतीच्या अर्थिंगला जोडून घ्या.

सॅटेलाइट लाइन फायबरची राखीव म्हणून घेतली असेल, तर फायबर चालू आहे का हे राउटर इंटरनेटवरच्या बाहेरच्या एखाद्या पत्त्याला विचारून तपासेल, असं लावा. नुसती केबल जोडलेली आहे का एवढंच तो पाहत असेल, तर फायबर पुढे कुठेतरी तुटल्यावरही त्याला सारं आलबेल वाटत राहतं. राखीव लाइनवर कॅमेऱ्यांचा क्लाउड बॅकअप आणि संगणकांचे अपडेट रोखून ठेवा, नाहीतर वेगवान डेटाचा कोटा तेच संपवतात. मग एकदा कामाच्या वेळेत फायबर मुद्दाम बंद करा आणि बिलिंग, फोन व कार्ड मशीन किती वेळात पुन्हा सुरू होतात ते मोजा.