गाडी थरथरते म्हणून लगेच अलाइनमेंट? या चुका टाळा

बडोद्यात गावातल्या गावात काटा चाळीस-पन्नासच्या वर जातच नाही, त्यामुळे काही कळत नाही, आणि अहमदाबादला जायला एक्सप्रेसवेवर चढलं की ८०-९० ला स्टेअरिंग थरथरायला लागतं. परत आल्यावर लोक सगळ्यात आधी काय करतात, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन सरळ करून घेणं. इथेच पैसे वाया जातात. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो; ठराविक स्पीडलाच येणारी थरथर बहुतेक वेळा बॅलन्सिंगची असते, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं नसतं, ते छोटी वजनं लावून सारखं करतात. हाताला जाणवली तर पुढची चाकं, सीटखाली जाणवली तर मागची.

पण बॅलन्सिंगच्या आधी चाकं धुवा, आतल्या बाजूने सुद्धा. विश्वामित्री नदीचं पाणी रस्त्यावर येऊन गेलं की चिखल रिमच्या आत बसतो, वाळून त्याची खपली होते, आणि तेवढ्यानेही चाक नाचतं, कारण बॅलन्सिंगला लावतात ती वजनं तरी केवढी, ५-१० ग्रॅमपासूनची. धुताना टायरच्या बाजूवरून हात फिरवा. फुगा लागला तर आतले दोरे तुटलेत, मग बॅलन्सिंग करत बसू नका, टायरच बदला, आणि त्या टायरवर हायवेला प्लीज जाऊ नका.

ब्रेक मारल्यावरच थरथरते? मग डिस्क, म्हणजे चाकामागची ब्रेकची गोल चकती, तपासा. पावागढचा घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या चाकांवर थंड पाणी मारू नका, डिस्क वाकडी होऊ शकते. दुसरी चूक पंक्चरच्या दुकानात होते, गनने एकेक नट एका दमात पक्का आवळतात. त्यांना सांगा की आधी सगळे हलके बसवा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, शेवटी हातपान्याने.

ॲक्सिलरेटर दाबला की थरथर आणि सोडला की बंद, असं असेल तर ॲक्सलचा, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा, आतला जॉइंट बघायला सांगा, त्यावरचं रबरी कव्हर (बूट) फाटून ग्रीस बाहेर आलंय का ते खाली वाकून तुम्हालाही दिसेल.

सिग्नलला उभी असताना थरथरते तेव्हा चाकांचा संबंधच नाही, इंजिनाचं माउंटिंग (इंजिन ज्यावर बसवतात ते रबरी आधार) नाहीतर स्पार्क प्लग बघा. त्यात चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर "घरापर्यंत नेतो" म्हणून ओढू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपातला धूर स्वच्छ करणारा भाग) खराब करतं आणि तो प्लगपेक्षा कितीतरी महाग पडतो, गाडी बाजूला घ्या आणि टो करून गॅरेजला पाठवा.