आजारी कोंबड्यासाठी आधीच करून ठेवायची तयारी

कोंबडा आपले दुखणे जमेल तितके दिवस लपवतो. पहाटेची बांग चुकली, तुऱ्याचा लालभडकपणा जाऊन त्यावर जांभळट छटा आली आणि तो पंख पाडून कोपऱ्यात पेंगू लागला, की आपल्या लक्षात येते. पण तोवर दुखणे दोन-तीन दिवसांचे जुने झालेले असते. त्या घाईत खोके आणि औषधे शोधत बसण्यापेक्षा सगळे सामान पावसाळ्याच्या तोंडावरच एका पेटीत भरून ठेवावे.

पहिली गरज वेगळ्या जागेची. खुराड्यापासून दूर, वारा थेट लागणार नाही अशा पडवीच्या कोपऱ्यात मोठे डालगे किंवा हवेसाठी भोके पाडलेले खोके तयार असावे. कोंबडा उभा राहिला तर तुरा वर टेकता कामा नये. तळाशी भाताचे तूस नेहमीचे असले, तरी पहिले दोन दिवस जुन्या पांढऱ्या धोतराचे तुकडे अंथरावेत, कारण पांढऱ्या कापडावर शिट नीट वाचता येते. करड्या-तपकिरी शिटेवर पांढरी टोपी असणे हे ठीक असल्याचे लक्षण आहे, आणि दिवसातून एक-दोनदा पडणारी चिकट, चॉकलेटी शिटही नेहमीचीच, तिला घाबरू नये. पातळ हिरवी शिट उपाशीपोटी पडते तशी राणीखेत रोगातही, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, पडते. रक्त दिसले तर रक्ती हगवणीचा संशय घ्यावा. कापडाचा तुकडा टाकण्यापूर्वी मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवावा, डॉक्टरांना तो आपल्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

कोंबड्याच्या अंगाचे तापमान मुळातच 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि खाणे सुटले की ते टिकवणे त्याला जड जाते, म्हणून उबेची सोय हवी. 60 वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब (एलईडीचा उपयोग नाही, तो उजेड देतो, ऊब नाही) डालग्याच्या एकाच बाजूला, कापडापासून हातभर दूर टांगावा, म्हणजे उकडू लागल्यास त्याला दुसरीकडे सरकता येईल.

पाण्यासाठी जड, उथळ बशी ठेवावी. एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, एवढे मिश्रण पुरते. ते रोज नवे करावे. पेटीत सुई नसलेली सिरिंज असावी, पण ती वापरताना मी एकदा केलेली चूक कोणी करू नये. चोच उघडून मी पाणी सरळ घशात सोडले आणि कोंबडा माझ्या मांडीवरच गुदमरू लागला. त्याच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडे असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. चोचीच्या कडेवर एकेक थेंब लावावा आणि तो त्याने गिळेपर्यंत थांबावे.

खाण्यासाठी मऊ भात, मक्याचा भरडा आणि कुस्करलेले उकडलेले अंडे पुरे. अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य मात्र घरात असले तरी त्याला देऊ नये. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते आणि अंडी न घालणाऱ्या नराच्या मूत्रपिंडावर त्याचा ताण पडतो. रोज सकाळी खायला घालण्यापूर्वी गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटांनी चाचपावी. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी; सकाळीही कणकेच्या गोळ्यासारखी भरलेली लागली, तर आत गवत किंवा धागा अडकलेला असू शकतो. त्याच वेळी तागडीवर वजन करून वहीत लिहावे, कारण पिसांच्या भरदारपणामुळे रोडावलेली छाती डोळ्यांना दिसत नाही.

औषधांच्या बाबतीत पेटी हलकी असलेलीच बरी. जखमेसाठी पोव्हिडोन आयोडीन, कापूस, हातमोजे आणि धरताना पंख आवळायला जाड टॉवेल एवढे ठेवावे. माणसांची उरलेली प्रतिजैविके अंदाजाने देऊ नयेत. राणीखेतीवर औषध नाहीच. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि पुढे आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी लस देणे हीच त्यावरची तयारी. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची वेळ आणि 1962 हा टोल-फ्री क्रमांक पेटीच्या झाकणावर लिहून ठेवावा. मान वाकडी होणे, तोंड उघडून श्वास घेणे किंवा दिवसभर पाण्याला तोंड न लावणे यांपैकी काही दिसले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. एकाएकी अनेक पक्षी दगावले तर त्यांना हात न लावता कळवावे. 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात निघाला होता. आजारी कोंबडा कापून खाण्याचा सल्ला शेजारी हमखास देतात, तो ऐकू नये.

आजाऱ्याचे काम नेहमी शेवटी करावे, त्यासाठी वेगळ्या चपला ठेवाव्यात आणि हात साबणाने धुवावेत.

बरा झालेला कोंबडाही लगेच सोडू नये. बरे वाटू लागल्यावर दोन आठवडे वेगळाच ठेवावा. तोवर खुराड्यात दुसरा तरणा नर मालक झालेला असतो, म्हणून याला दिवसा न सोडता, सगळे झोपल्यावर अंधारात हळूच दांडीवर बसवावे. दुसऱ्या दिवशी उजाडताना मात्र आपण तिथे हजर असावे आणि डालगे जवळच असावे, कारण चोची तेव्हाच चालतात आणि अशक्त कोंबड्याचा तुरा पहिल्यांदा फुटतो.