गाडीच्या आरशातलं गॅरेजचं बटण

न्यू जर्सीत जुनी गाडी घेतली. आरशाखाली होमलिंकची, म्हणजे रिमोटऐवजी गाडीतूनच गॅरेजचं दार उघडायच्या सोयीची, तीन बटणं. आधीच्या मालकाचे कोड पुसायला कडेची दोन्ही बटणं दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरली. मग गॅरेजचा रिमोट समोर धरून एक बटण शिकवलं, तरी दार ढिम्म! कारण रोलिंग कोड. संकेत दर वेळी बदलतो, नुसती नक्कल चालत नाही. शेवटी बायकोने शिडीवर चढून गॅरेजच्या दाराच्या मोटरवरचं ‘लर्न’ बटण दाबलं आणि मी 30 सेकंदांच्या आत आरशाचं बटण दोन-तीनदा दाबून धरलं. दार घरघरत वर!

यासाठी गाडीचं वरचं, महाग मॉडेल घ्यायचं? मी तरी नाही घेणार. आयतं आलं असेल तर वापराच, रिमोटसारखी सेल बदलायची कटकट नाही.