जळगावात घरच्या गच्चीवर वाइन-चीजची संध्याकाळ कशी जमवायची

नाशिकच्या वाइनरीत एक संध्याकाळ घालवून आलं की परतीच्या गाडीत सगळ्यांचं एकच चालू असतं, आपल्याकडे असं काही पाहिजे ना भो. मग घरीच करा की! मी तीन-चार वर्षं करतोय आणि एक गोष्ट पक्की कळलीय, आपल्याकडे सगळा खेळ गारव्याचा आहे.

म्हणून आधी महिना ठरवा. डिसेंबर-जानेवारी बेस्ट, भरीत पार्ट्यांचे दिवस, रात्री गच्चीवर शाल लागते. मी पहिल्यांदा मे महिन्यात केलं होतं, बाहेर ४४ डिग्री आणि कुठंतरी वाचलेलं की रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची, म्हणून बाटली ओट्यावरच ठेवली, तर ती काढ्यासारखी लागली आणि चेडर चीजच्या तुकड्यांवर तेलाचे बारीक थेंब सुटले. ते रूम टेंपरेचर म्हणजे युरोपातल्या थंड घरांचं, १६-१८ डिग्रीचं. आपल्याकडे थंडीतसुद्धा रेड अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडा. व्हाइट आणि स्पार्कलिंगला, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनला, तीन-चार तास तरी द्या, आणि गच्चीवर नेली की बाटलीला ओला पंचा गुंडाळा, माठाचंच तंत्र आहे ते.

किती आणायचं? ७५० मिलीच्या एका बाटलीत साधारण पाच ग्लास होतात, सहा जणांना तीन बाटल्या पुरतात. एक स्पार्कलिंग, एक शेनिन ब्लाँ म्हणजे व्हाइट, एक शिराझ म्हणजे रेड. दारू पिण्याच्या परमिटचं दुकानातच विचारून घ्या, आणि २१ च्या आतल्या पोरांना यात घ्यायचं नाही. चीज माणशी ६०-७० ग्रॅम धरा. ब्री, गौडा, चेडर एवढे तीन बस. प्रोसेस्ड क्यूब आणू नका, मीठ सोडलं तर त्यात चव शोधावी लागते. चीज फ्रिजमधून खायच्या अर्धा-पाऊण तास आधी काढायचं, कारण गारढोण असलं की वासच येत नाही, पण उन्हाळ्यात करणारच असाल तर दहा-पंधरा मिनिटं पुरे.

आता क्रॅकर्स कशाला शोधत बसता, आपले ज्वारीचे बिबडे आहेत ना! भाजलेले घ्या, तळलेले नको, आणि कमी तिखटाचे. स्पार्कलिंगसोबत आपले केळी वेफर्स, साधे खारे, यासारखी जोडी मला दुसरी सापडली नाही, त्या बुडबुड्यांनी आणि आंबटपणाने तोंडातला तेलकटपणा एकदम साफ होतो.

प्यायचा क्रम हलक्याकडून जडकडे. आधी स्पार्कलिंग आणि ब्री, ब्रीचं वरचं पांढरं साल काढू नका, ते खायचंच असतं, मशरूमसारखा वास येतो त्याला. मग शेनिन आणि गौडा. शेवटी शिराझ आणि चेडर. रेडने जीभ आवळल्यासारखी होते, कडक कोरा चहा प्यायल्यावर होते तशी, ते टॅनिन. चीजमधलं फॅट आणि प्रोटीन ते धरून ठेवतं म्हणून चेडरचा तुकडा खाऊन घोट घेतला की तीच वाइन मऊ लागते. पाहुण्यांना हे करून दाखवाच, आधी नुसता घोट, मग तुकडा, मग परत घोट. माझे काका पहिल्या घोटाला म्हणाले, काय भो, तुरट आहे हे, आणि तुकड्यानंतर स्वतःहून ग्लास पुढे केला. ग्लास अर्ध्याच्या खालीच भरा, वास घ्यायला जागा लागते, आणि मध्ये मध्ये पाणी प्या.

ठेचा मात्र लांब ठेवा. मला ठेचा जीव की प्राण आहे, पण टॅनिन आणि अल्कोहोलने मिरचीची आग भडकते आणि वाइनची चव पण जाते. तिखट हवंच असेल तर थोडी गोडसर शेनिन ठेवा, ती सांभाळून घेते. भरीत-भाकरी वाइन संपल्यावर, निवांत. गाडी चालवणाऱ्याला त्या रात्री एक घोटही नको, नाहीतर सरळ मुक्कामाला ठेवून घ्या.

उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा, रेड असली तरी फ्रिजमध्येच. आणि उरलेला चेडर सकाळी गरम कळण्याच्या भाकरीवर किसून टाका, भाकरी तव्यावरच असताना.