परदेशातल्या इंटरनेटशी तुलना करताना या चुका टाळा

चवथीच्या आसपास माझा फोन जास्त वाजतो. इंग्लंडातल्या स्विंडनहून, लिस्बन, दुबईहून माणसं गावी येतात, पडवीत बसून मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतात आणि घरमालकाचा मला फोन येतो, "आमच्या पुतण्याकडे तिकडे नऊशे मेगाबिट मिळतं, इथे चाळीस. असं का?" मी गोव्यात डिचोली-साखळी भागात फायबरची, म्हणजे काचेच्या तारेवरच्या इंटरनेटची, जोडणी आणि दुरुस्ती करतो. प्रश्न रास्त आहे. देशादेशांत वेगाचा आणि दराचा फरक खरोखर आहे, आणि त्याची कारणंही समजण्यासारखी आहेत. पण बहुतेक जण त्या कारणांपर्यंत पोचतच नाहीत. तुलना सुरुवातीलाच बिघडते आणि मग पैसे भलत्या ठिकाणी जातात.

वाय-फायवर मोजायचं आणि देशाला दोष द्यायचा

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते.

साखळीजवळ एक निवृत्त मास्तर राहतात. जुनं कौलारू घर, चिऱ्याच्या दीड-दोन फुटी भिंती. मोडेम देवघराशेजारच्या लाकडी कपाटात, कारण बाहेरची वायर त्या खिडकीतून आत आली होती. मुलगा स्विंडनला. तो म्हणाला, "बाबा, आमच्याकडे नऊशेचा प्लॅन आहे." मास्तरांनी आपला शंभरचा प्लॅन तीनशेचा केला. स्वयंपाकघरात मोबाइलवर वेग होता तेवढाच, चाळीसच्या आसपास. मग त्यांनी कंपनी बदलली आणि नव्या कंपनीचे वर्षाचे पैसे आगाऊ भरले. स्वयंपाकघरात पुन्हा चाळीस. तेव्हा कुठे मला बोलावलं.

मी मोबाइलला हात लावला नाही. फायबरच्या डब्यातून, म्हणजे मोडेममधून, वाय-फाय राउटरकडे जाणारी वायर राउटरमधून काढली आणि माझ्या लॅपटॉपला लावली. आकडा आला 94. नव्वद ते पंच्याण्णवच्या मध्ये वेग असा अडकून बसला, की जोडणी 100 मेगाबिटवर चालली आहे हे ओळखावं. एक तर पोर्ट जुनं असतं, नाहीतर वायरीतल्या आठ तारांपैकी चारच लागलेल्या असतात. इथे जुन्या मोडेमसोबतची चार तारांची वायर दोन्ही कंपन्यांच्या माणसांनी तशीच वापरली होती. मी पिशवीतली कॅट-सिक्स वायर लावली आणि लॅपटॉपवर पूर्ण तीनशे आले.

स्वयंपाकघरात मात्र चाळीसचे जेमतेम पंचेचाळीस झाले. राउटरच्या वेगवान 5 गिगाहर्ट्‌झच्या लहरी चिऱ्याच्या दोन भिंतींपलीकडे जात नाहीत. मोबाइल मग 2.4 गिगाहर्ट्‌झवर उतरतो, आणि तो पट्टा अरुंद, शिवाय शेजाऱ्यांच्या राउटरांनी आधीच भरलेला. त्या दिवशी मी मास्तरांच्या मुलाला व्हिडिओ कॉलवरच सांगितलं, की तुमच्या वरच्या मजल्यावर जाऊन मोजा. त्याच्याकडेही दोनशेच्या आत आलं. नऊशे हा त्याच्या बिलावरचा आकडा होता, त्याने स्वतः तो कधीच मोजला नव्हता.

माझी सवय अशी: वायरवरचा आकडा पाहिल्याशिवाय मी मोबाइलवरचा आकडा विचारात घेत नाही. सकाळी, दुपारी जेवणानंतर आणि रात्री नऊला असं तीनदा मोजायला लावतो आणि कागदावर लिहून ठेवायला सांगतो. घरात टीव्ही चालू असताना किंवा फोनवर व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारं ॲप) लावून मोजलेलं मी धरत नाही.

आणि वाय-फायचा सिग्नल पुढे ढकलणारे ते स्वस्तातले रिपीटर विकत घेणं थांबवा. जिथे सिग्नल मेला आहे तिथेच माणसं रिपीटर लावतात. तिथे पोचलेला मेलेला सिग्नलच तो पुढे वाटतो. कौलारू घरात छपराखालून, वाशांच्या कडेने वायर नेणं सिमेंटच्या घरापेक्षा कितीतरी सोपं आहे. उंदरांसाठी ती पाइपमधून न्यावी, आणि पलीकडे दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे त्या वायरवर चालणारा आणखी एक वाय-फायचा डबा, बसवावा. एक दुपार लागते. मास्तरांकडे मी तेच केलं आणि तीनशेचा प्लॅन परत शंभरवर आणायला सांगितला, कारण त्या घराला शंभर पुरेसे होते.

बिट आणि बाइट

प्लॅन मेगाबिटमध्ये विकला जातो, फाइल मेगाबाइटमध्ये उतरते. आठाने भागा. शंभरच्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट मिळत असतील तर कुणी फसवलेलं नाही.

जाहिरातीतला आकडा सगळीकडे एकच समजणं

ब्रिटनमध्ये मे 2018 पासून जाहिरातीत सरासरी म्हणून छापलेला वेग रात्री आठ ते दहाच्या गर्दीत निदान निम्म्या ग्राहकांना मिळावा लागतो. त्याआधी दहा टक्के ग्राहकांना मिळाला तरी चालत असे. आपल्याकडच्या जाहिरातीत 'पर्यंत' हा शब्द असतो. म्हणजे तिकडचा आकडा गर्दीच्या वेळचा आणि इकडचा सगळ्यात चांगल्या वेळचा.

'अमुक देशात इतक्या घरांत ब्रॉडबँड' हे वाचतानाही तोच घोटाळा होतो. भारताच्या 2004 च्या धोरणात 256 किलोबिटला ब्रॉडबँड म्हणत होते, 2023 पासून किमान 2 मेगाबिट लागतात. अमेरिकेत 2015 पासून 25 मेगाबिट होते, मार्च 2024 मध्ये ते 100 झाले, अपलोडला 20. मोजपट्टीच वेगळी असताना टक्के शेजारी मांडण्यात अर्थ नाही.

पाउंडाला रुपयाने गुणणं

"तिकडे तीस पाउंड, म्हणजे तीन हजारांच्या वर. आपलं किती स्वस्त!" किंवा उलट, "इतकं कमी घेतात म्हणूनच सेवा अशी." दोन्ही वाक्यं मी दर आठवड्याला ऐकतो.

आधी बिल नीट वाचा. आपल्याकडे जाहिरातीतल्या दरावर 18 टक्के जीएसटी लागतो. 2019 च्या सप्टेंबरात जिओने 699 रुपयांना 100 मेगाबिटचा प्लॅन आणला आणि सगळ्यांचे दर खाली ओढले, पण त्या 699 चं हातात येणारं बिल 825 च्या घरात जातं. युरोपात घरगुती ग्राहकाला दाखवलेल्या दरात कर धरलेला असतो. अमेरिकेत करही वेगळा, मोडेमचं भाडंही बहुधा वेगळं, आणि पहिल्या वर्षाची सवलत संपली की दर चढतो. तिथल्या सरकारने एप्रिल 2024 पासून मोठ्या कंपन्यांना सगळे आकार एका तक्त्यात छापायला लावले, ते यामुळेच.

नंतर दराची तुलना कमाईशी करा. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने परवडण्याची रेषा आखली ती अशी: सुरुवातीच्या प्लॅनचा दर दरडोई मासिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आत असावा. ही देशाची सरासरी झाली; घराघरांच्या कमाईवर हाच हिशोब लावला तर एकाच देशात एकच प्लॅन गोव्यातल्या घराला हलका आणि बिहारमधल्या घराला जड पडतो.

आणि पैसा जातो कुठे हे पाहा. फायबरची काच स्वस्त आहे. खर्च होतो तो खणण्यावर आणि मजुरीवर. इंग्लंडात फुटपाथ खणून, परत बुजवून, पालिकेची परवानगी काढून वायर घरात न्यायची तर मजुरीच प्रचंड. आपल्याकडे दोन माणसं शिडी घेऊन येतात आणि तासाभरात खांबावरून वायर ओढतात. म्हणून आपलं स्वस्त. त्याची किंमत आपण जूनमध्ये मोजतो, माडाची झावळ वायरवर पडते तेव्हा.

"तो देश लहान, म्हणून तिथे वेगवान"

हे उत्तर सगळ्यांना आवडतं, कारण ते दिलं की पुढे विचार करावा लागत नाही. दक्षिण कोरियाच्या बाबतीत ते थोडं खरंही आहे. उंच इमारतींत दाट वस्ती असली की तळमजल्यापर्यंत एक फायबर आणून शेकडो घरं जोडता येतात. पण तिथे सरकारने नव्वदच्या दशकात देशभर मुख्य जाळं उभारलं, आणि इमारतींना आतल्या वायरिंगची प्रमाणपत्रंही दिली. सिंगापूर लहान आहे, पण तिथली खरी गोष्ट म्हणजे घरोघरचं फायबर एका कंपनीने टाकायचं आणि सेवा कितीही कंपन्यांनी विकायची हा नियम. स्वीडन तर लांबच लांब आणि विरळ वस्तीचा. तरी स्टॉकहोम शहराने 1994 मध्ये स्वतःची कंपनी काढून फायबर टाकलं आणि मागेल त्या कंपनीला भाड्याने दिलं.

म्हणून मी आकाराआधी विचारतो, की घरापर्यंतचा शेवटचा तुकडा कोणाचा आहे आणि तो दुसऱ्याला भाड्याने मिळतो का? जपानात 2001 मध्ये सॉफ्टबँकने जुन्या टेलिफोन कंपनीच्या तांब्याच्या तारा भाड्याने घेऊन स्वस्त सेवा सुरू केली आणि दर कोसळले. फ्रान्समध्ये 2002 मध्ये फ्री या कंपनीने तसंच केलं, महिना 29.99 युरो. अमेरिकेत 1996 च्या कायद्यात तारा भाड्याने देण्याची सोय होती, पण 2003 ते 2005 च्या निर्णयांनी फायबर आणि केबल त्यातून सुटली. कित्येक वस्त्यांत एक केबल कंपनी आणि एक फोन कंपनी एवढाच पर्याय उरला. म्हणून इतका श्रीमंत देश असूनही बिल मोठं. त्याच देशात चॅटनूगा शहराच्या वीज संस्थेने 2010 मध्ये आपल्या सगळ्या ग्राहकांसाठी एक गिगाबिटची सेवा खुली केली, कारण खांब आणि तारा तिच्याच होत्या. रुमेनियात सुरुवातीला पोरांनी इमारती-इमारतींमध्ये वायरी ओढून गल्लीची जाळी बनवली. त्या स्पर्धेतून आजचा स्वस्त आणि वेगवान देश उभा राहिला. ऑस्ट्रेलियाने 2009 मध्ये घरोघरी फायबरची योजना आखली. 2013 मध्ये सरकार बदललं आणि असंख्य घरांना शेवटच्या टप्प्यात जुनं तांबंच मिळालं. पुढे तेच बदलून फायबर टाकायला पुन्हा खर्च झाला.

गोव्यालाही हाच प्रश्न लागू आहे. गोवा ब्रॉडबँड नेटवर्कचं फायबर पंचायतींपर्यंत गेलं. पंचायतीपासून तुमच्या पडवीपर्यंतचा तुकडा मात्र वीज खात्याच्या खांबांवरून जातो. विनापरवाना केबली खात्याने कापायला घेतल्या, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि घराघरांत इंटरनेट बंद पडलं. खांबावर ओझं नको हे खात्याचं म्हणणं योग्य आहे. लोंबत्या केबलींमुळे लाइनमनचा जीव धोक्यात येतो हे मी रोज पाहतो. पण खांबावर एकच नीट बांधलेली केबल असावी आणि तिच्यातले फायबर सगळ्या कंपन्यांना भाड्याने मिळावेत, अशी सोय होईपर्यंत इथला वेग आणि भरवसा दोन्ही अर्धेच राहणार.

पिन खुपसून रिसेट

नेट बंद झालं की पाच मिनिटं थांबायची कुणाची तयारी नसते. मोडेमच्या मागच्या भोकात पिन घालून दहा सेकंद दाबली, की युजरनेम, पासवर्ड, सगळी सेटिंग पुसली जाते. आधी दिवे बघा. लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबरमधून उजेडच येत नाही. कुठे तरी वायर तुटली आहे, आणि रिसेटने तुटलेली काच जुळत नाही. दिवे सगळे हिरवे आणि वेग फक्त रात्री पडत असेल तर कारण वेगळं. नेहमीच्या घरगुती फायबरमध्ये कंपनीकडच्या एका पोर्टचे सुमारे अडीच गिगाबिट 32 किंवा 64 घरांत वाटलेले असतात, आणि कंपनीने पुढची मुख्य लाइन कमी घेतली असेल तर नऊ वाजता ती भरते. तिथे तुमचे तीन वेळांचे लिहिलेले आकडे कामी येतात. तक्रारीत ते द्या.

लांबच्या सर्व्हरचा राग जवळच्या कंपनीवर

स्पीड टेस्ट आपोआप पणजी-मुंबईचा सर्व्हर निवडते. लंडनच्या ऑफिसचं काम मात्र लंडनला जाऊन येतं. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. लंडन इथून सरळ रेषेत साडेसात हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन यायलाच 75 मिलिसेकंद, आणि समुद्राखालची केबल सरळ जात नाही. कुठलाही महागडा प्लॅन हे कमी करणार नाही. 2008 च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ आणि 2024 मध्ये तांबड्या समुद्रात केबली तुटल्या, तेव्हा वाहतुकीला लांबचे रस्ते धरावे लागले.

सोसायटीने एकाच कंपनीला दार उघडणं

पर्वरी, फोंडा, म्हापसा इथल्या नव्या सोसायट्यांत हे वाढतंय. बिल्डर किंवा सेक्रेटरी एका कंपनीशी करार करतो, बदल्यात क्लब हाउसचं कनेक्शन फुकट मिळतं, आणि इतरांना शाफ्टमध्ये, म्हणजे वायरी वर नेण्याच्या पोकळीत, वायर टाकू देत नाहीत. दोन वर्षांनी दर वाढतो, तक्रार घ्यायला कुणी येत नाही, आणि सोडून जायला दुसरी कंपनी नसते. अमेरिकेतल्या वस्त्यांचं दुखणं आपण आपल्या हाताने जिन्यात आणतो. करार झाला असेल तर तो कधी संपतो ते सेक्रेटरीकडून लेखी घ्या. बांधकाम चालू असेल तर तळमजल्यापासून प्रत्येक फ्लॅटपर्यंत एक इंचाची रिकामी पाइप आत्ताच टाकून घ्या, ओढदोरीसकट, आणि ती पाइप सोसायटीच्या मालकीची आहे असं सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवा.