बटण, पेन्सिल आणि घाई: मुलांना हाताची कामे शिकवताना या चुका टाळा

स्वमग्नता (ऑटिझम) किंवा डिस्प्रॅक्सिया असलेल्या मुलांच्या घरी मला सर्वांत अधिक दिसणारी चूक म्हणजे बोटे बळकट व्हावीत म्हणून मुलाला रोज मणी ओवायला आणि चेंडू दाबायला लावणे, आणि शर्टाचे बटण मात्र आईनेच लावून देणे. डिस्प्रॅक्सियात मुख्य अडचण ताकदीची नसून हालचाल योजण्याची आणि तिचा क्रम जुळवण्याची असते. त्यामुळे मणी ओवणारे मूल मणी ओवण्यात तरबेज होते आणि बटण तिथेच राहते. जे काम यायला हवे, त्याचाच सराव द्यावा. मी शेवटच्या पायरीपासून सुरुवात करते: बटण काजातून निम्मे सारून द्यायचे आणि उरलेले मुलाने ओढायचे, ते जमले की एक पायरी मागे यायचे. शर्ट अंगातच असावा, कारण समोर पसरलेल्या शर्टाची दिशा उलटी होते. आधी डोळ्यांना दिसणारी खालची बटणे घ्यावीत, गळ्याचे सर्वांत शेवटी. रिक्षा दारात उभी असताना तर हा सराव मुळीच करू नये. सकाळी खुशाल बटण लावून द्यावे आणि संध्याकाळी शिकवावे.

दुसरी चूक शुद्धलेखनाच्या जादा पानांची. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतील चौथीच्या एका मुलाला अक्षर वाईट म्हणून शाळेने रोज जादा पाने दिली, घरी आजोबांनी ती दुप्पट केली, आणि मुलगा वह्या लपवू लागला. त्याचे पाय खुर्चीवरून लोंबकळत होते, टेबल छातीपर्यंत येत होते आणि पेन्सिल तो इतकी दाबून धरत असे की टोक सारखे मोडायचे. आम्ही पायांखाली पाट ठेवला, खुर्चीवर उशी घालून कोपर टेबलाच्या पातळीला आणले, जाड पेन्सिल दिली आणि लेखन चार ओळींवर आणले. प्रत्येक अक्षरावर वेगळी शिरोरेषा देण्याऐवजी शब्द पुरा झाल्यावर एकदाच द्यायला शिकवले. अक्षर देखणे झाले नाही. वाचता येऊ लागले आणि हात दुखणे कमी झाले. ‘महिन्यात सुंदर अक्षर’ अशा वर्गांच्या मागे लागणाऱ्या पालकांना हे थोडे वाटते, मला ते पुरेसे वाटते.

जेवताना वाटी सांडत असेल, तर मुलाला रागावण्यापूर्वी ताटाखाली ओले फडके घालावे. तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करायला स्वमग्न मूल नकार देत असेल, तर अडचण बोटांची आहे की ओल्या स्पर्शाची, हे आधी पाहावे. स्पर्शाची असेल तर चमचा द्यावा. अंगठ्याची कोल्हापुरी चप्पल सोसत नसेल, तर वेल्क्रोची सँडल घ्यावी; त्यात कमीपणा नाही.

‘मोठा झाला की जमेल’ म्हणून दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचे काम लांबवू नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचे नावही आहे. परीक्षेत लेखनिक मिळाला, तरी त्याला उत्तर सांगणे हे निराळे कौशल्य आहे. त्याचा सराव नववीतच घरच्या कुणाला तरी लिहायला बसवून सुरू करावा.